वीर वीरांस भेटतात तेव्हां

ज्या घरांत दहा-बारा वर्षांचें मूल आहे त्या घरांत सध्यां एक शब्द वारंवार कानीं पडतो. तो म्हणजे 'क्रॉसओव्हर'. शब्द परका असला तरी त्याचा अर्थ अवघड नाहीं. एका चित्रकथेंतील वीर व दुसऱ्या चित्रकथेंतील वीर, ज्यांचा एरवीं परस्परांशीं कांहींहि संबंध नसतो, ते तिसऱ्याच एका कथेंत एकत्र येतात आणि एकट्याच्यानें न होणारें कार्य मिळून करितात. अशा मेळाव्याची माला निघाली म्हणजे तिच्या पहिल्या अंकाकडे मुलांचे डोळे लागून राहतात. घरांतील वडील मंडळींत मात्र यावरून दोन तट पडलेले दिसतात. एक पक्ष म्हणतो, हा केवळ पैसे उकळण्याचा धंदा. दुसरा म्हणतो, मुलें कांहीं तरी वाचतात हेंच पुष्कळ झालें. आमच्या मतें दोन्ही पक्ष घराच्या ओसरीवरच थांबले आहेत. माजघरांत कोणी शिरलाच नाहीं. वीरांनीं वीरांस भेटावें ही कल्पना बरी कीं वाईट, हें तिच्या खपावरून ठरत नाहीं. त्या भेटींत प्रत्येक वीराचें काय होतें, तो तेथून काय घेऊन परततो आणि काय गमावून परततो, यावरून तें ठरतें. हीच कसोटी एका पहिल्या अंकाला लावून पाहण्याचा आमचा आज विचार आहे.

त्यासाठीं आम्हीं निवडलेला अंक अगदीं नवा नाहीं. परंतु मराठी घरांना त्याच्याइतका जवळचा दुसरा अंक सांपडणें कठीण. जानेवारी १९८७ मध्यें अमेरिकेंतील मार्व्हल या प्रकाशनसंस्थेनें, लहान मुलांसाठीं चालविलेल्या 'स्टार कॉमिक्स' या आपल्या शाखेतर्फे, 'डिफेन्डर्स ऑफ द अर्थ' म्हणजे 'पृथ्वीचे रक्षक' या नांवाच्या मालेचा पहिला अंक काढला. लेखन स्टॅन ली यांचें व चित्रें अलेक्स सॅव्हियुक यांचीं. त्यांत एकत्र आलेले वीर होते अंतराळांत संचार करणारा फ्लॅश गॉर्डन, जादूगार मॅन्ड्रेक, त्याचा सोबती लोथार आणि फॅन्टम. यांपैकीं शेवटच्याचें मराठी नांव सांगितलें म्हणजे आमच्या वयाच्या वाचकांना लगेच ओळख पटेल. फॅन्टम म्हणजेच आपला वेताळ.

हे वीर मुळांत वेगवेगळ्या घरांतले. फ्लॅश गॉर्डन हा अलेक्स रेमंड या चित्रकाराचा मानसपुत्र. तो जानेवारी १९३४ मध्यें वर्तमानपत्रांच्या पानांवर अवतरला. त्याच वर्षीं जून महिन्यांत ली फॉक या तरुण लेखकाचा मॅन्ड्रेक आला, आणि १७ फेब्रुवारी १९३६ रोजीं त्याच लेखकानें फॅन्टमला जन्म दिला. या साऱ्यांच्या कथा वर्तमानपत्रांना पुरविणारी संस्था एकच होती, 'किंग फीचर्स'. म्हणजे वाडा एक, पण चुली निरनिराळ्या, असा तो संसार होता. एकाचा शत्रु मोंगो नांवाच्या ग्रहावरचा जुलमी राजा मिंग. दुसऱ्याचें सारें बळ डोळ्यांनीं व हातांच्या खुणांनीं माणसांना भूल पाडण्यांत. आणि तिसरा अरण्यांत, कवटीच्या आकाराच्या गुहेंत राहणारा. प्रत्येकाच्या कथेचे नियम निराळे, आणि एकाच्या अंगणांतला नियम दुसऱ्याच्या अंगणांत चालण्यासारखा नव्हता.

मराठी मुलांनीं मात्र या तिघांना एकाच आवरणाखालीं पाहिलें. मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या चालकांनीं मार्च १९६४ मध्यें 'इंद्रजाल कॉमिक्स' हें प्रकाशन सुरू केलें. आरंभींचे बत्तीस अंक एकट्या फॅन्टमचे होते. पुढें मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन व इतर वीर त्यांत आले. १९७६ मध्यें आबिद सुरती यांनीं निर्माण केलेला 'बहादूर' हा देशी वीरहि त्यांच्या पंगतीला बसला. इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी आणि इतर देशी भाषांतूनहि हे अंक निघत, व गोविंद या चित्रकाराचीं रंगीत मुखपृष्ठें पाहून मुलांचे हात आपोआप पुढें होत. फॅन्टमला 'वेताळ' हें नांव ज्या कोणी भाषांतरकारानें दिलें, त्याच्या कानाला आमचा नमस्कार असो. वेताळपंचविशीनें ओळखीचा झालेला, गांवाच्या शिवेवर शेंदूर लावलेल्या शिळेच्या रूपानें उभा असलेला हा शब्द त्या परक्या मुखवट्याला असा चपखल बसला कीं, तो मुखवटा परका आहे हें मुलें विसरून गेलीं.

आमचें जालनें तेव्हां औरंगाबाद जिल्ह्यांतील एक तालुक्याचें गांव होतें. जालना जिल्हा स्वतंत्र झाला तो १ मे १९८१ रोजीं. मनमाडाहून सिकंदराबादेकडे जाणारा लोहमार्ग अरुंद रुळांचा असल्यामुळें मुंबईहून येणाऱ्या उतारूला मनमाडास गाडी बदलावी लागे, आणि मुंबईच्या मासिकांनाहि तोच मार्ग. एक अंक आळींतल्या दहा घरांत फिरे. फिरतां फिरतां त्याचें शेवटचें पान गळून पडे, आणि मग वेताळानें चांच्यांचें अखेर काय केलें हें सांगावयाला एखादा मोठा मुलगा शोधावा लागे. तो जें सांगे तें पुष्कळदां छापलेल्या शेवटाहून अधिक रंगतदार असे! आजच्या मुलांना अशा वाचनाची कल्पना येणार नाहीं. पण त्या दहा घरांतील मुलांना एक समान वीर होता आणि त्याच्याविषयीं बोलावयाची एक समान भाषा होती, हें येथें नमूद करून ठेवतों. पुढें त्याचें प्रयोजन पडेल.

आतां वीरांच्या भेटीची कल्पना पश्चिमेकडे केव्हांची, तें पाहूं. चित्रकथांच्या जगांत तिचा आरंभ १९४० सालीं झालेला दिसतो. त्या वर्षीं एका मासिकांत अग्नीचा वीर 'ह्यूमन टॉर्च' आणि समुद्राचा वीर 'सब-मरिनर' यांची झुंज लावण्यांत आली. आग आणि पाणी यांचा तो सामना अखेर बरोबरींतच सुटला. त्याच वर्षाच्या हिवाळ्यांत 'ऑल स्टार कॉमिक्स'च्या तिसऱ्या अंकांत आठ वीर एका मेजाभोंवतीं भोजनास जमले व प्रत्येकानें आपापल्या पराक्रमाची गोष्ट सांगितली. त्या गोष्टी रंगविणारे चित्रकारहि निरनिराळे होते. म्हणजे पंगत एक, पण जो तो आपल्या घरचा डबा उघडून बसलेला! खरें सहकार्य पुढें आलें. १९७६ मध्यें दोन प्रतिस्पर्धी प्रकाशकांनीं मिळून सुपरमॅन व स्पायडरमॅन यांना एका पुस्तकांत आणलें. मे १९८४ मध्यें 'सीक्रेट वॉर्स' या बारा अंकांच्या मालेचा पहिला अंक निघाला. त्यांत अनेक मासिकांतील वीर व खलपुरुष उचलून एका दूरच्या जगांत नेऊन सोडले होते, आणि इतक्या वीरांत नेता कोण, हा आपल्या एकत्र कुटुंबांना चांगला परिचित असलेला प्रश्न तेथेंहि उभा राहिला. पुढच्याच वर्षीं दुसऱ्या प्रकाशकानें 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' ही तशीच बारा अंकांची माला काढली.

यांत धंदा नव्हता असें कोणी म्हणूं नये. 'सीक्रेट वॉर्स'चा उगमच मुळीं मॅटेल या खेळणीं बनविणाऱ्या कंपनीच्या मागणींतून झाला. वीरांच्या बाहुल्या विकावयाच्या तर त्या सर्वांना एकत्र आणणारी कथा हवी, असा तो हिशेब होता. स्पायडरमॅनचा काळा पोशाख त्याच्या स्वतःच्या मासिकांत आधीं दिसला, आणि तो त्याला कोठें व कसा मिळाला हें कळावयाला ही माला घ्यावी लागे. 'पृथ्वीचे रक्षक' ही मालाहि स्वयंभू नव्हती. सप्टेंबर १९८६ पासून अमेरिकेंत त्याच नांवाची पासष्ट भागांची चलच्चित्रमाला दूरदर्शन-संचांवर दाखविली जात होती, तिच्या बाहुल्याहि बाजारांत होत्या, आणि चित्रकथेचा अंक हें त्याच झाडाचें एक फळ होतें. तें फळ फार टिकलें नाहीं. चार अंकांतच माला बंद पडली. पैशासाठीं लिहिलेली म्हणूनच एखादी कथा टाकाऊ ठरवावयाची असेल, तर राजाश्रयानें लिहिणाऱ्या आमच्या कित्येक संस्कृत कवींनाहि घराबाहेर काढावें लागेल. तेव्हां हेतु बाजूला ठेवून कृतीकडेच पाहावें, हें बरें.

कृतीकडे पाहण्यासाठीं माप मात्र आपल्या घरचें घेऊं; कारण वीरांच्या भेटीचा प्रकार आपल्याकडे इतका जुना आहे कीं, त्याला निराळें नांव देण्याची कोणास गरज वाटली नाहीं. रामायण व महाभारत हीं दोन स्वतंत्र काव्यें. त्यांचे नायक वेगळे, त्यांचीं युगें वेगळीं. तरी वनपर्वांत भीमसेन द्रौपदीसाठीं सौगंधिक कमळें आणावयास गंधमादन पर्वतावर जातो, तेव्हां केळीच्या वनांत एक म्हातारा वानर वाटेंत आडवा पडलेला त्याला दिसतो. भीम उतावळा. वाट सोड म्हणतो. वानर म्हणतो, मी थकलेला आहें; तूंच माझें शेपूट बाजूला सार आणि पुढें जा. भीम तुच्छतेनें डावा हात लावतो. शेपूट हालत नाहीं. मग दोन्ही हात लावतो. तरी हालत नाहीं. तेव्हां तो हात जोडून विचारतो, आपण कोण? एका काव्यांतला वीर दुसऱ्या काव्यांतल्या वीराला भेटला तो असा. दोघेहि वायूचे पुत्र, म्हणजे भाऊच. हनुमान त्याला चार युगांचे धर्म सांगतो, समुद्र उल्लंघितांनाचें आपलें विराट रूप दाखवितो, आणि युद्धांत अर्जुनाच्या ध्वजावर राहून तुझ्या गर्जनेंत माझी गर्जना मिळवीन असें वचन देतो. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ मध्यें आमच्याच जिल्ह्यांतील घनसावंगी तालुक्यांत जांब येथें झाला. त्यांनीं पुढें कृष्णाकांठच्या मुलुखांत अकरा मारुति स्थापिले, आणि मराठी मुलाचा पहिला बलवान् वीर गांवच्या वेशींतला मारुतीच असतो. अशा मुलाला ही भेट वेगळी समजावून सांगावी लागत नाहीं.

दुसरी भेट भागवतांतली. स्यमंतक मणि शोधीत श्रीकृष्ण गुहेंत शिरतो व तेथें रामाच्या सैन्यांतला वृद्ध जांबवान् त्याच्याशीं अठ्ठावीस दिवस झुंजतो. अंगांतलें बळ सरल्यावर जांबवानाला उमगतें कीं समोर आपला जुना स्वामीच उभा आहे. मग तो मणीहि देतो आणि कन्या जांबवतीहि देतो. भाद्रपद चतुर्थीला ही कथा आपल्या घरांत दरवर्षीं वाचली जाते. तिसरी भेट बालकांडांतली, परशुराम व राम यांची. एक अवतार आपलें वैष्णव धनुष्य दुसऱ्याच्या हातीं देतो आणि आपलें तेज संपलें हें ओळखून महेंद्र पर्वताकडे निघून जातो.

या तिन्ही भेटींत कोणते दोन नियम पाळलेले दिसतात? पहिला असा कीं, भेटीनंतर दोघांपैकीं निदान एक तरी पूर्वीचा राहत नाहीं. भीमाचा ताठा जातो, जांबवानाचें वैर जातें, परशुरामाचा काळ सरतो. दुसरा नियम त्याहून सूक्ष्म आहे. भेटींत प्रत्येक वीर स्वभावानें मात्र तोच राहतो. हनुमान भीमाच्या वतीनें कमळें आणून देत नाहीं; भीम आपल्या मार्गानेंच पुढें जातो. म्हणजे भेटीनें वीर बदलावा, परंतु बिघडूं नये.

या मापानें जानेवारी १९८७ चा मेळावा मोजूं लागलों म्हणजे त्यांत जमेच्या बाजूला दोन रकमा सहज दिसतात. या मालेची कथा २०१५ सालीं घडते असें कल्पिलें होतें. तें साल आतां मागें पडलें. मिंगानें पृथ्वीवर दृष्टि वळविली आहे, त्याच्या क्रौर्यापायीं फ्लॅशची पत्नी प्राणांस मुकते, आणि एकट्याच्या बळावर त्याला आवरणें कोणालाच शक्य नाहीं. म्हणून हे वीर एका छपराखालीं येतात. येतात ते मुलाबाळांसह. फ्लॅशचा मुलगा, लोथारचा मुलगा, मॅन्ड्रेकनें पुत्र मानलेला एक पोरका बाळ, आणि वेताळाची मुलगी जेडा. आतां लोथारची मूळ कथा पाहा. १९३४ मध्यें तो आफ्रिकेंतला राजपुत्र असूनहि बिबट्याचें कातडें पांघरून, मोडकें इंग्रजी बोलत, मॅन्ड्रेकच्या मागें मागें चालणारा सेवक होता. त्याची ती अवहेलना १९६५ नंतर हळूहळू दूर झाली, आणि या मेळाव्यांत तो सर्वांच्या बरोबरीचा चौथा रक्षक म्हणून उभा राहिला. दुसरी रक्कम जेडाची. वेताळाच्या घराण्यांत वारसा बापाकडून मुलाकडे जाण्याची रीत; येथें त्याच्या शेजारीं कन्या उभी आहे, आणि तिचें सामर्थ्य बापाकडून उसनें घेतलेलें नसून तिचें स्वतःचें आहे. ज्या घरांत मुलींना अजूनहि 'तूं राहूं दे, दादाला जाऊं दे' असें सांगितलें जातें, तेथें हें चित्र ठेवण्यासारखें आहे.

खर्चाच्या बाजूला मात्र एकच रक्कम आहे, पण ती मोठी. ती वेताळाची. मूळ वेताळ कोण? समुद्रचांच्यांनीं बापाला मारल्यावर किनाऱ्याला लागलेला एक तरुण खुन्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो कीं, मी व माझे वंशज चांचेगिरी, लोभ, क्रौर्य व अन्याय यांच्याशीं लढूं. त्याच्यामागून मुलगा, मुलाच्या मागून नातू, असा हा वसा पिढ्यान् पिढ्या चालतो. ली फॉकच्या कथांचा नायक त्या वंशांतला एकविसावा. वेष एक, मुखवटा एक. म्हणून अरण्यांतले लोक समजतात कीं, हा एकच पुरुष असून त्याला मरण नाहीं. त्याच्या अंगीं कसलीहि दैवी शक्ति नाहीं. तो मरतो, जखमी होतो, थकतो. त्याचें सारें सामर्थ्य त्याच्याविषयींच्या आख्यायिकेंत व ती खरी करून दाखविण्याच्या त्याच्या कष्टांत आहे. अरण्यांतले लोक म्हणत कीं, वेताळाला दहा वाघांचें बळ आहे. हें म्हणणें म्हणजे गौरवानें केलेली अतिशयोक्ति, हें मुलांनाहि कळे.

आतां हा माणूस जादूगाराच्या व अंतराळवीराच्या शेजारीं उभा करावयाचा, तर तो उणा दिसेल, अशी भीति त्या मालेच्या कर्त्यांना वाटली असावी. चलच्चित्रमालेंत त्यांनीं काय केलें? तेथें हा वेताळ, जो वंशांतला सत्ताविसावा आहे, अरण्याच्या नियमाला आवाहन करितो आणि दहा वाघांचें बळ खरोखरच त्याच्या अंगांत संचारतें! साहित्यशास्त्राच्या भाषेंत सांगावयाचें तर लक्ष्यार्थाचा वाच्यार्थ करून टाकला. 'तो सिंह आहे' या वाक्याचा अर्थ समजावून देतांना विद्यार्थ्यानें 'मग त्याला आयाळ कोठें आहे?' असें विचारावें, तशांतला हा प्रकार. वरवर पाहतां वेताळाचें बळ वाढलें. पण त्याचें वैशिष्ट्य होतें तें माणूसपण, आणि तेंच त्या मेळाव्याच्या दारांत काढून ठेवावें लागलें. भेटीनें वीर बदलला नाहीं, बिघडला.

हें व्हावयालाच हवें होतें असेंहि नाहीं. याच वीरांची याहून साधी भेट त्याआधीं झाली होती. १९७७ मध्यें ली फॉकनें वेताळाचें डायनाशीं लग्न लावून दिलें, तेव्हां पाहुण्यांत मॅन्ड्रेक आणि लोथार हजर होते. लेखकाचे दोन मानसपुत्र एका मांडवांत आले, आणि कोणाला कोणाहून मोठें ठरवावें लागलें नाहीं. आपल्या घरांतहि माणसें खरीं भेटतात तीं लग्नकार्यांतच; वांटणीच्या बैठकींत नव्हेत.

याच प्रश्नाचा निकाल आमच्या परिचयाच्या एका घरांत ज्या रीतीनें लागला तो सांगण्यासारखा आहे. कुंडलिकेच्या कांठीं, जुन्या जालन्यांतला तो वाडा. तीन पिढ्या एकत्र नांदणाऱ्या. गेल्या वर्षीं वाडा सोडून सदनिकेंत जाण्याचें ठरलें, आणि सामानाची झाडाझडती सुरू झाली. आजोबांच्या लांकडी पेटींतून मराठी इंद्रजालचे बांधून ठेवलेले तीन गठ्ठे निघाले. रद्दीवाला ओसरीवर बसला होता, तराजू लावलेला होता. मुलाचें म्हणणें, नव्या घरांत एवढी जागा नाहीं. आजोबा कांहींच बोलले नाहींत; पण गठ्ठ्यांवरची धूळ पंचानें पुशीत राहिले. इतक्यांत इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत जाणाऱ्या नातवानें वरचा अंक उचलला आणि मुखवटा पाहून ओळखला. त्यानें हीच 'रक्षकां'ची जुनी चलच्चित्रमाला मोबाइलवर पाहिलेली होती.

त्यानें विचारलें, "आजोबा, याला दहा वाघांचें बळ कसें येतें? मंत्र कुठला म्हणतो हा?"

आजोबा म्हणाले, "अरे, याला कसला मंत्र? लोक तसें म्हणायचे, इतकेंच."

"मग तो मॅन्ड्रेकपुढें टिकेल कसा?"

आजोबांना चटकन उत्तर सुचेना. तेव्हां भांडीं गुंडाळीत बसलेल्या आजी, ज्यांनीं जन्मांत एकहि चित्रकथा वाचलेली नाहीं, त्या म्हणाल्या, "बाळा, भीमाला दहा हजार हत्तींचें बळ होतें म्हणतात. पण म्हाताऱ्या वानराचें शेपूट उचललें का त्याच्यानें? मग दहा वाघांनीं काय होतंय? आधीं भेटलेल्याला ओळखायला नको का?"

नातू हंसला, पण त्या दुपारीं तो तेथेंच फरशीवर बसून अंक वाचूं लागला. मराठी त्याला सलग वाचतां येईना. पात्रांच्या मुखांतून निघालेल्या फुग्यांतील वाक्यांवर बोट ठेवून, अक्षर अक्षर लावीत, जोडाक्षराशीं अडून तो आजोबांकडे पाही, आणि आजोबा पुढचा शब्द सांगत. रद्दीवाला इतर कागद घेऊन निघून गेला. नव्या घरांत त्या तीन गठ्ठ्यांना दिवाणाखालीं जागा मिळाली असें कळतें.

या घटनेंत आमच्या मतें सर्व विषय आला. इंद्रजालचें प्रकाशन १९९० मध्यें थांबलें आणि त्याबरोबर नियमानें मराठींत बोलणारा वेताळहि थांबला. त्यानंतर वीर पुष्कळ आले. २०१२ पासून 'अ‍ॅव्हेंजर्स'चे बोलपट आले आणि वीरांचे मेळावे लहान मुलांच्या नित्य बोलण्यांतले झाले. याच जुन्या वीरांनाहि सप्टेंबर २०१३ मध्यें जेफ पार्कर व मार्क लेमिंग यांनीं 'किंग्ज वॉच' या पांच अंकांच्या मालेंत पुन्हां एकत्र आणलें. परंतु हे सारे मेळावे आपल्या मुलांना इंग्रजींत भेटतात. परिणाम असा कीं, आजोबांचा वीर मराठी बोलतो, नातवाचा इंग्रजी, आणि एकाच दिवाणखान्यांत बसून दोघांनाहि एकमेकांच्या वीरांची ओळख नसते. वीरांच्या जगांतल्या भेटींचा एवढा गाजावाजा चालला असतांना घरांतली ही भेट राहून जाते. आम्हांला काळजी वाटते ती या गोष्टीची. मुलगा चित्रें पाहतो याची नव्हे.

म्हणून गृहस्थ व गृहिणी यांना आमच्या चार सूचना आहेत. पहिली, अशा मालेचा पहिला अंक मुलानें आणला तर तो हिसकावूं नये. त्याच्याबरोबर बसून एकदां पुरता वाचावा. पुढचे अंक घ्यावयाचे कीं नाहीं हें तो अंक वाचून झाल्यावर मुलाशीं बोलून ठरवावें, आणि एक माला समजण्यासाठीं दुसरीं पांच मासिकें विकत घ्यावीं लागत असतील तर तसें स्पष्ट सांगावें. मुलांना हिशेब चांगला कळतो. दुसरी, वाचून झाल्यावर दोन प्रश्न विचारावे: या भेटींत कोण बदललें? आणि कोणाचें काय हरवलें? या दोन प्रश्नांचीं उत्तरें देतां देतां मूल कथेची पारख करावयास आपोआप शिकतें. उपदेशाची गरज राहत नाहीं. तिसरी, घरांत जुने मराठी अंक असतील तर ते रद्दींत घालण्यापूर्वीं एकदां नातवंडांच्या हातीं द्यावे. कागद पिवळा पडला आहे, शेवटचें पान नाहीं, अशा सबबी सांगूं नयेत; शेवटचें पान नसलें तर शेवट आपण सांगावा.

चौथी सूचना शाळामास्तराची आहे, म्हणून ती थोडी अभ्यासासारखी वाटेल. सुटींत मुलाला चार कोरे कागद शिवून द्यावे व म्हणावें, तूंच एक पहिला अंक काढ. एक वीर तुझ्या पुस्तकांतला घे, एक आजीच्या गोष्टींतला घे. चित्रें तुझीं, पण फुग्यांतलीं वाक्यें मराठींत. अट एकच, दोघांपैकीं कोणाचेंहि बळ वाढवावयाचें नाहीं. ते कोठें भेटले, आधीं भांडले कां, आणि एकमेकांना ओळखलें कशावरून, एवढेंच दाखवावयाचें. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पहिल्या दिवशीं काढूं नयेत. अंक पुरा झाला म्हणजे रात्रीं जेवणें आटोपल्यावर सर्वांनीं बसून तो मोठ्यानें वाचावा, आणि वाचतांना वेताळाचीं वाक्यें आजोबांकडे द्यावीं.